काशा आणि कार्पेट

द्राक्षाची गोडी छाटणी सुरू झाली की दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये दोन थरांवर काम चालतं. वर कात्री घेतलेले गडी, खाली खुरपं घेतलेल्या बाया. बायांच्या वाट्याला येतात हरळीच्या काशा. मातीत वीतभर खोल पसरलेल्या, पांढुरक्या, पेरापेराला मुळं फुटलेल्या या काशा वेचायच्या, बांधावर टाकायच्या आणि उन्हात खडखडीत वाळू द्यायच्या. एक पेर जरी ओलीत राहिलं तरी महिन्याभरात तिथे पुन्हा गवत. ज्यांना मजूर मिळत नाहीत ते ग्लायफोसेट मारतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा मारतात.

त्याच दिवसांत नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या नर्सरीतून टेम्पो बाहेर पडतो. आत मातीसकट कापलेले गवताचे चौकोन रचलेले असतात, भाव चौरस फुटावर. नर्सरीत याचं नाव ‘सिलेक्शन वन’ असेल, ‘बर्म्युडा’ असेल, पण वनस्पतिशास्त्राच्या वहीत ते हरळीच्याच पानावर आहे: सायनोडॉन. म्हणजे एका शेतकऱ्यानं मजुरी देऊन काढलेलं गवत वीस किलोमीटरवरचा बंगलेवाला पैसे मोजून लावून घेतो. भाद्रपदात रविवार कारंजावर, चांदीच्या गणपतीच्या आसपास, तेच तिसऱ्या भावानं विकलं जातं. तिथे एकवीस-एकवीसच्या जुड्या असतात आणि कोवळी, तीन पात्यांची दूर्वा निवडून घेण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क असतो.

नाशिकमध्ये हिरवळ लावणाऱ्यांची एक तक्रार मात्र ठरलेली आहे. मुंबईत कशी बारा महिने हिरवीगार असते, इथे का नाही? ही तक्रार करणारे बहुतेक मुंबईकडूनच आलेले असतात. गंगापूर धरणाच्या काठानं, त्र्यंबक रस्त्यानं, इगतपुरीच्या उतारांवर त्यांची शनिवार-रविवारची घरं उभी राहिली आहेत. घराबरोबर हिरवळीचं चित्रही ते किनाऱ्यावरून घेऊन येतात, आणि ती सांभाळायच्या सवयीही तिकडच्याच. कसारा घाट चढला की त्या सवयी उलट्या पडतात. नाशिकचं लॉन पाण्यावाचून जितकं मरतं तितकंच ते किनाऱ्याच्या सवयींनी मरतं, असं माझं मत झालं आहे.

आधी किनाऱ्याची बाजू पाहू. मुंबईत एकट्या जुलैत सरासरी आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नाशिक शहरात अख्ख्या वर्षाचा पाऊस सातशेच्या आसपास. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे नाशिकचं वर्ष आणि वर आणखी तिसरा हिस्सा, एवढं चोवीस तासांत. अशा ठिकाणी गवताचा शत्रू तहान कशी असेल? तिथे शत्रू आहे साचलेलं पाणी. मुळांना हवा लागते. मातीतली पोकळी चार-पाच दिवस पाण्यानं भरून राहिली तर मुळं गुदमरतात, कुजतात आणि वरचं गवत पिवळं पडतं. पिवळं दिसलं की माळी पाणी वाढवतो. पुढचं काय होतं ते सांगायला नको.

दुसरा शत्रू बुरशी. पावसाळ्यात रात्रीचं तापमान विशीच्या खाली उतरत नाही, हवा दमट, आणि पानं दहा-बारा तास ओली: पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशींना याहून जास्त काही लागत नाही. सकाळी हिरवळीवर ताटाएवढी तपकिरी वर्तुळं उमटतात, कडेला चिकट, काळपट पानं. अशा हवेत संध्याकाळी पाणी देणं म्हणजे बुरशीला रात्रभराचा मुक्काम देणं. किनाऱ्यावर पाणी पहाटे द्यायचं, म्हणजे उन्हं वर येईतो पानं कोरडी होतात. युरियाही पावसाळ्यात हात राखूनच टाकायचा, कारण लुसलुशीत वाढलेलं गवत आधी बळी पडतं. कोकणात आणखी एक गोष्ट असते: जांभ्याची आम्ल माती आणि माडांची सावली. तिथे हरळी हट्टानं लावण्यात अर्थ नाही, तिला दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन हवं. तिथे रुंद पानाचं कार्पेट गवत सावलीतही निभावून नेतं. खाऱ्या वाऱ्याच्या आणि मचूळ पाण्याच्या जागी सीशोर पॅस्पॅलम नावाचं गवत जगभरच्या किनाऱ्यांवरच्या गोल्फ मैदानांनी उचललं आहे, कारण इतर गवतं जळतील एवढं मीठ ते पचवतं.

निचऱ्याचं शास्त्र सर्वात नीट कोणी बसवलं असेल तर गोल्फ आणि क्रिकेटवाल्यांनी. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९६० मध्ये हिरवळीच्या थरांची एक पद्धत प्रसिद्ध केली. खाली सच्छिद्र नळ्या, त्यावर दहा सेंटिमीटर खडी, त्यावर तीस सेंटिमीटर निवडक वाळू, आणि गवत थेट या वाळूत. गंमत अशी की वाळू आणि खडी यांच्या सीमेवर पाणी अडतं. बारीक वाळूची पाणी धरून ठेवण्याची ओढ जाड खडीपेक्षा जास्त, म्हणून वाळू पुरती भिजेपर्यंत पाणी खाली उतरत नाही. पुरती भिजली की जास्तीचं पाणी एकदम निघून जातं. म्हणजे त्याच थराकडून साठवणही होते आणि निचराही. समुद्राजवळची बडी स्टेडियम्स मुसळधार सर येऊन गेल्यावर तासाभरात खेळायला तयार होतात त्यामागे ही जमिनीखालची रचना आहे. टीव्हीवर फक्त वरचं हिरवं दिसतं.

मात्र नुसत्या थरांनी सगळं साधत नाही, हे दादरच्या शिवाजी पार्कवर दिसतं. मैदान १९२५ मध्ये खुलं झालं, १९२७ मध्ये त्याला शिवरायांचं नाव मिळालं. शंभर वर्षांत तिथे क्रिकेटच्या खेळपट्ट्या झाल्या, सभा झाल्या, ६ डिसेंबरचा जनसागर झाला, सकाळ-संध्याकाळचे चालणारे तर रोजचेच. अलीकडच्या काळात मैदानावर लाल माती पसरली गेली, पावसाच्या पाण्यासाठी विहिरी खोदल्या, फवारे बसवले. पाऊस सरला की माती वाळून उडते. भोवतालच्या घरांच्या खिडक्यांवर तिचा थर बसतो. रहिवाशांच्या तक्रारी प्रदूषण नियंत्रण मंडळापर्यंत पोहोचल्या, माती हटवावी इथवर गोष्ट आली, आयआयटी मुंबईचा सल्ला घेतला गेला. गवत लावा हे सगळेच सांगतात. पण गवत लावलं की त्याला सहा-आठ आठवडे पायांपासून सुट्टी हवी, आणि शिवाजी पार्कला सुट्टी देण्याची हिंमत कोणत्या नगरसेवकात आहे? दमट हवा, मुबलक पाऊस, बारमाही उष्णता हे सारं अनुकूल असूनही तिथे हिरवळ नाही. पावलांचा भार हा हवामानाइतकाच मोठा घटक आहे, आणि नाशिकच्या लग्नांच्या लॉन्सना हे फार जवळून माहीत आहे. त्याकडे येतोच.

घाट चढून वर आलो की आधी माती बदलते. गोदाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि चिकटते. म्हणून नर्सरीवाला लॉनचं काम घेतो तेव्हा पहिला खर्च लाल मातीच्या डंपरांचा सांगतो. वीतभर लाल माती, वाळू, शेणखत यांचा थर टाकून त्यावर गवत. बऱ्याच ठिकाणी हे इतकं उरकून होतं की खालची काळी माती उकरलीही जात नाही. मग पावसाळ्यात लाल थरातलं पाणी काळ्याच्या पाठीवर साचतं आणि घाटावर बसून किनाऱ्याचे रोग पाहायला मिळतात. उतार काढा, खालची माती फोडून थोडी वरच्या मातीत मिसळा, एवढं सांगणारा माळी भेटला तर त्याला सोडू नये.

मातीतला चुना ही दुसरी भानगड. इथल्या बऱ्याच जमिनी चुनखडीच्या, सामू आठच्या आसपास. लोह मातीत भरपूर असतं पण मुळांना घेता येत नाही, म्हणून पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. द्राक्षवाल्यांना हे पाठ आहे. चुनखडी आणि खारट पाण्याच्या याच त्रासामुळे त्यांनी स्वतःच्या मुळांवरची द्राक्षं सोडून डॉगरिजसारख्या खुंटावर कलमं करायला सुरुवात केली. लॉनला खुंट नसतो. तिथे हिराकशीची म्हणजे फेरस सल्फेटची पातळ फवारणी केली तर आठवड्यात रंग पालटतो. पण बंगलेवाला पिवळं पान बघून पुन्हा पाणी आणि युरिया यांच्याकडेच वळतो.

तिसरा फरक थंडीचा. हरळी ही उन्हाळी गवतांच्या जातकुळीतली. तिचं प्रकाशसंश्लेषण मका, ऊस, बाजरीच्या पद्धतीचं, म्हणून तीस-पस्तीस अंशांत ती सर्वात जोमात असते. पंधरा अंशांच्या खाली ती वाढ आखडती घेते आणि कडाक्याच्या थंडीत झोपते. मुंबईचा हिवाळा तिला झोपवू शकत नाही. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रावर मात्र पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो, द्राक्षवाले बागेत शेकोट्या करतात आणि मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे ठिबक सुरू करतात. त्या दिवसांत नाशिकचं लॉन गवती रंगाचं होतं. जानेवारीत नर्सरीवाल्यांना फोन येतात, लॉन मेलं म्हणून. मेलेलं नसतं. मातीत बोट घालून एक काशी मोडून पाहावी. आत पांढरी आणि टणक असेल तर फाल्गुनात सगळं परत येतं. याच दिवसांत रोज संध्याकाळी पाणी मारत राहिलात तर मात्र खरंच मरू शकतं.

देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांमध्ये ही समज अजून शिल्लक आहे. तिथल्या माळ्यांच्या आधीच्या पिढीनं लष्कराच्या आणि पारशी मालकांच्या बागा सांभाळल्या. हिवाळ्यात गवत पिवळं होणार हे तिथे कोणी आजार मानत नाही. हिरवळीचा छंद मुळात इंग्लंडचा. तिथल्या गवतांना गारवा आणि रिमझिम पाऊस हवा, आणि गवत कापायला आधी मेंढ्या व विळे होते. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंगनं कापडगिरणीतलं लोकरीची लव छाटणारं यंत्र पाहून १८३० मध्ये गवत कापायचं यंत्र काढलं, तेव्हा ती हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. साहेब ती इकडे घेऊन आला, पण त्याचं गवत इथल्या एप्रिलात टिकेना. शेवटी त्याला आपली हरळीच लावावी लागली. नाशिकचं गोल्फ क्लब मैदान त्याच काळाची खूण. आता ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, ज्या कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्यांच्या नावाचं. लोक अजून दोन्ही नावं घेतात. त्या मैदानावर रणजीचे सामने होतात, भोवती चालणाऱ्यांची रांग असते, आणि आतल्या गवतावर नाशिकचं ऊन कसलीही दयामाया दाखवत नाही.

आता पाण्याचा हिशोब, जो मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात हरळीच्या लॉनला दिवसाला चार ते पाच मिलिमीटर लागतं असं धरू. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. रोजचे सोळा ते वीस हजार लिटर, दहा हजारांचे दोन टँकर. शहरात माणशी १३५ लिटरचा निकष लावतात. त्या मापानं हे एकशे वीस ते दीडशे माणसांचं पाणी. एकराचं माप मोठं आहे, पण चार गुंठ्यांचं लॉनसुद्धा दिवसाला दोन हजार लिटर मागतं, आणि बोअर फेब्रुवारीतच हवा ओढायला लागलेली असते.

२०१६ चा उन्हाळा आठवतो का? आदल्या पावसाळ्यात ओढ होती, नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून रस्ते अडवले गेले होते, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी जात होतं, आणि नाशिकचं रामकुंड कोरडं पडलं होतं. त्या एप्रिलात मुंबई उच्च न्यायालयात आयपीएलच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न आला. राज्यातल्या सामन्यांसाठी साठ लाख लिटर पाणी लागेल असा आकडा याचिकेच्या निमित्तानं चर्चेत होता. आयोजकांनी महालक्ष्मी रेसकोर्सच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर भागवू असं सांगून पाहिलं. न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. टीका दोन्ही बाजूंनी झाली. साठ लाख लिटर वाचवून दुष्काळ हटत नाही हे खरंच आहे. पण त्या आठवड्यात घरोघरी पहिल्यांदाच हिरवळीला किती पाणी लागतं हा प्रश्न विचारला गेला, आणि मला वाटतं नंतर तो विसरला गेला. तपोवन, आगरटाकळीच्या केंद्रांत शहराचं सांडपाणी रोज शुद्ध होतं. ते बागांना, दुभाजकांना, लॉन्सना देण्यात अडचण तांत्रिक फारशी नाही. क्षार थोडे जास्त असतात, काळ्या मातीत ते साठतात, म्हणून पावसाळ्यात जमीन नीट धुतली जाईल असा निचरा लागतो. फिरून पुन्हा निचऱ्याशीच येतो आपण.

पाणी कमी लागावं यासाठी सर्वात स्वस्त उपाय आहे ते रोज न देणं. रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरच्या दोन बोटांत राहतात आणि एक दिवस मोटार बिघडली की गवत करपतं. आठवड्यातून दोनदा, पण वीतभर माती भिजेल एवढं दिलं तर मुळं खाली जातात. फवाऱ्याखाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवून त्यात दीड सेंटिमीटर पाणी यायला किती वेळ लागतो ते एकदा मोजावं, तेवढाच वेळ नळ चालू ठेवावा. आणि मशीन मारताना एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नये. टीव्हीवरच्या मैदानासारखं टकलू लॉन हवं म्हणून उन्हाळ्यात तळाशी मशीन लावणारे लोक पाहिले की वाईट वाटतं, कारण उघडी पडलेली माती दुप्पट वेगानं वाळते आणि त्या मोकळ्या जागेत लव्हाळा घुसतो. लव्हाळ्याला वरून उपटून उपयोग नसतो, खाली गाठींची माळ असते. शेतकरी त्याच्याशी आयुष्यभर लढतो, बंगलेवाल्यानं दोन महिन्यांत जिंकायची अपेक्षा ठेवू नये.

पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे घोंगावतात. त्यांच्याच अळ्या म्हणजे हुमणी. श्रावण-भाद्रपदात लॉनवर साळुंक्या आणि बगळे फार टोचायला लागले आणि गवताचा तुकडा हातानं ओढताच मुळांशिवाय वर आला, तर खाली पांढऱ्या, वळलेल्या अळ्या सापडणारच. उसाच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. त्याच्याकडून एवढंच शिकण्यासारखं आहे की औषध अळीवर उशिरा ओतण्यापेक्षा भुंगेरे झाडावरून हलवून, दिव्याखाली घमेल्यात रॉकेलमिश्रित पाणी ठेवून मारणं जास्त कामाचं.

मग राहिली लग्नांची लॉन्स. तुळशीचं लग्न लागलं की जुना औरंगाबाद रस्ता, पाथर्डी फाटा, दिंडोरी रोड, गंगापूर रोड या सगळीकडे संध्याकाळी रांगा लागतात. पत्रिकेवर अमुक लॉन्स छापलेलं असतं आणि आत शिरल्यावर हिरवं काही दिसेलच असं नाही. हजार-दोन हजार माणसं, मंडपाचे खांब, स्टेज, मॅट, खुर्च्या. दोन दिवस मॅटखाली राहिलेलं गवत पिवळं पडतं, लागोपाठ तीन मुहूर्त लागले तर टक्कल पडतं. जेवणाच्या काउंटरची जागा सर्वात वाईट: तेल, बर्फाचं पाणी, मीठ, तंदूरची राख. पावलांनी माती दबून दगड होते आणि मुळांना हवा मिळत नाही. उंच टाचांच्या चपलांनी पडलेली भोकं ही एकुलती एक चांगली गोष्ट, माळी नंतर सळईनं तेच काम करतो आणि भोकांत वाळू भरतो. ज्यांच्याकडे जागा आहे ते लॉनचे दोन भाग करून आलटून पालटून वापरतात. बाकीच्यांनी पेव्हर ब्लॉक आणि प्लास्टिकचं गवत अंथरलंय. त्याला पाणी लागत नाही हे खरं, पण नाशिकच्या मे महिन्यात दुपारी प्लास्टिकच्या पात्यांचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतो आणि लहान मुलं अनवाणी त्याच्यावरच धावतात. मला त्यापेक्षा साधा मुरूम बरा वाटतो. नदीकाठच्या लॉन्सचं आणखी वेगळं. गंगापूरमधून विसर्ग वाढला, पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं, की दुसऱ्या दिवशी गवतावर चिखलाची साय. हरळी काही दिवस पाण्याखाली तग धरते. तिला मारतो तो नंतर वाळून कडक झालेला गाळ. तो ओला असतानाच पाइपानं धुवून काढणारे लॉनवाले वाचतात.

हरळीला ‘सुधारण्याची’ एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती नाशिकच्या भाकरीपर्यंत येते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाच्या गावी ग्लेन बर्टन नावाचा पैदासकार होता. त्यानं आपली हरळी आणि तिची आफ्रिकन चुलतबहीण यांचे संकर करून बारीक पानाची, दाट गवतं काढली. त्यातलं टिफवे ४१९ हे १९६० मध्ये आलं आणि जगभरच्या उष्ण प्रदेशांतल्या मैदानांवर पसरलं. त्याला बी धरत नाही. जिथे जाईल तिथे काशांच्या तुकड्यांनीच जातं, म्हणजे जगभर एकाच झाडाचे तुकडे. याच बर्टननं बाजरीत टिफ्ट २३ए ही नरवंध्य जात तयार केली. ती भारतात आली आणि लुधियानात दिलबाग सिंग अठवाल यांनी तिच्यापासून १९६५ मध्ये एचबी-१ ही देशातली पहिली संकरित बाजरी उभी केली. येवला, चांदवड, मालेगावच्या कोरडवाहू शिवारात संकरित बाजरी आली ती या वाटेनं. काही वर्षांतच गोसावी रोगानं ती झोडपली, कारण सगळ्या शिवारांत आई एकच होती. पुढच्या पैदासकारांनी वेगवेगळ्या आया शोधून ती चूक सुधारली. हिरवळीच्या जगानं ती अजून सुधारलेली नाही. गावभरची लॉन्स एकाच तुकड्यातून वाढवलेली असतात, त्यामुळे एका बंगल्यात आलेली बुरशी पुढच्या दहांत का पसरते याचं आश्चर्य वाटू नये.

मग नाशिकमध्ये लावावं काय? उघड्या उन्हात, पायदळी येणाऱ्या जागेत हरळीच्या जातकुळीला पर्याय नाही. नर्सरीत मेक्सिकन म्हणून विकलं जाणारं गवत झोयशिया आहे, पूर्व आशियातलं, मेक्सिकोशी त्याचा संबंध नाही. दाट आणि मऊ दिसतं, अर्धवट सावली सोसतं, हळू वाढतं म्हणून मशीन कमी लागते, पण एकदा टक्कल पडलं की भरून यायला वर्ष लागतं. रुंद पानाचं कार्पेट कोकणासाठी ठीक, इथल्या कोरड्या वाऱ्यात ते फार पाणी पितं. लावायची वेळ मृगाच्या पावसानंतरची, आषाढ संपायच्या आत. दिवाळीत हौसेनं लावलेलं लॉन मूळ धरेपर्यंत थंडी येते आणि मग वसंतापर्यंत ते आहे तसंच बसून राहतं. आंब्याखाली, भिंतीच्या उत्तरेला, गाडी वळते तिथे काहीच लावू नये.

त्र्यंबक रस्त्यावरच्या एका नर्सरीवाल्याकडे गेल्या हंगामात एक कुटुंब आलं. पवईचं घर, इकडे चार गुंठे मोकळे, मध्ये तीन जुनी आंब्याची झाडं. “साहेब, ऊन कुठे किती तास येतं ते आधी सांगा,” त्यानं विचारलं. त्यांनी फोनवरचा फोटो दाखवला, कुठल्याशा रिसॉर्टचा. त्यानं जागा पाहून सांगितलं: दीड गुंठा लावा, झाडांखाली पालापाचोळा राहू द्या, बाकी मुरूम दाबून घ्या, मे महिन्यात बोअर चालली तर पुढच्या पावसाळ्यात वाढवू. त्यांना ते पटलं नाही. रस्त्यापलीकडच्या नर्सरीनं त्यांना चारही गुंठ्यांचं मेक्सिकन दिलं, टेम्पोभाड्यासकट, दोन दिवसांत बसवून.